रंगपट्टीतलं आयनांबर

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर झोपायचं सोडून मी जीपीएसच्या जुन्या फायली उघडून बसलो. सोमवार ते शुक्रवार कोड, आणि शनिवारीही कोडच! बायकोने नुसता एक कटाक्ष टाकला. असो.

गोष्ट सुरू होते १२ डिसेंबर १९०१ ला. इंग्लंडमधून पाठवलेला रेडिओसंकेत अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला ऐकू आला, असं मार्कोनीने जाहीर केलं. आता लहरी जातात सरळ आणि पृथ्वी तर गोल. मग हे जमलं कसं? १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की वर विद्युतभारित थर असावा आणि लहरी त्यावरून परत येत असाव्यात. १९२४ मध्ये ॲपल्टनने तो खरोखरच आहे हे दाखवून दिलं. १९४७ चं नोबेल त्याला मिळालं. हेच आपलं आयनांबर.

ज्या थराने मार्कोनीला हात दिला, तोच जीपीएसच्या वाटेत आडवा येतो. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन संकेताला उशीर करतात. पण गंमत बघा, हा उशीर फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो. उपग्रह १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झवर संकेत पाठवतो. दोन्ही उशिरांतला फरक काढला की वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते कळतं. म्हणजे अडचणीचीच मोजपट्टी झाली! असे आकडे जमवून आयजीएस ही आंतरराष्ट्रीय संस्था १९९८ पासून अख्ख्या पृथ्वीचे नकाशे देते. एकक टीईसीयू. एक टीईसीयू म्हणजे जीपीएसच्या मुख्य संकेतात साधारण १६ सेंटिमीटरची चूक.

फाइलमधले आकडे दहापट करून लिहिलेले असतात. हे न वाचल्याने माझ्या पहिल्या नकाशात भारतावर प्रलय आला होता! ते निस्तरून मार्च २००९ आणि मार्च २०१४ मधला एकेक दिवस शेजारीशेजारी लावला. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टे, त्यातला उत्तरेकडचा गुजरात-मध्य प्रदेशच्या आसपास. (हे विषुववृत्त थुंब्याजवळून जातं, म्हणून तर १९६३ चं पहिलं रॉकेट तिथून उडालं.) पण दोन्ही नकाशे अगदी जुळे भाऊ!

आणि इथेच ट्यूब पेटली. रंगपट्टी ऑटोवर होती. प्रत्येक नकाशा आपल्यातल्याच सर्वांत मोठ्या आकड्याला लाल रंगवत होता. दोन्हींना ० ते १०० अशी पक्की पट्टी लावली, आणि २००९ चा नकाशा निळा पडला. तेव्हा सूर्य सुस्तावलेला होता, २०१४ ला ऐन भरात. जुळ्यांमध्ये कित्येक मीटरच्या चुकीचा फरक लपला होता. उतरणाऱ्या विमानाला हे मीटर फार महत्त्वाचे. म्हणूनच आपल्या 'गगन' प्रणालीसाठी भारतावरच्या आयनांबराचं वेगळं मॉडेल करावं लागलं.

मागे एकदा ऑफिसात अशाच ऑटो-स्केलच्या ग्राफकडे बघून मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "सगळं नेहमीसारखंच आहे." त्याच रात्री सर्व्हर बसला. आकडे खरे होते, पट्टी फसवी होती. आणि ती मीच निवडली होती, किंवा खरं तर निवडलीच नव्हती.

तेव्हा मंडळी, सोमवारी डॅशबोर्ड उघडाल तेव्हा आधी पट्टी बघा, मग रंग.