भिंतीवरचा फोटो आणि अंगावरचे कपडे

मुलुंडच्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, बिऱ्हाडे हलू लागली, आणि आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने भिंतीवरून उतरवलेला फोटो आमच्यापुढे आणून ठेवला. खुर्चीत बसलेले आजोबा, शेजारी उभ्या आजी. "ह्या माझ्या सासूबाई. लग्नातला फोटो आहे, 1912 चा," घरातल्या वृद्ध काकूंनी सांगितले. त्या सालाची आहेराची वही ट्रंकेत होती, तिच्यावरून हे साल ठरले होते. फोटोच्या पाठीमागे मात्र काही लिहिलेले नव्हते. जुन्या फोटोंच्या पाठीमागे बहुधा नसतेच. ज्यांनी ते काढून घेतले त्यांना आपण कोण हे चांगले ठाऊक होते!

मुंबईत फोटोग्राफीची मंडळी 1854 सालीच स्थापन झाली होती. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित फोटोग्राफर. परंतु मध्यम स्थितीच्या घरात फोटो शिरला तो पुष्कळ उशिरा. आमची उपनगरे तर विजेच्या गाड्या सुरू झाल्यावर भरली. बोरिवलीपर्यंत ती गाडी 1928 साली आली. तेव्हा मुलुंड-घाटकोपरच्या भिंतींवरचे कितीतरी जुने फोटो गिरगावात नाही तर गावाकडे काढलेले असतात. ते कोठले हे घरावरून कळत नाही, केव्हाचे हेही कळत नाही. साक्षीदार उरतो तो कपडा.

हा साक्षीदार सरळ बोलतो असे मात्र समजू नये. पगडी दिसली की फोटो गेल्याच्या गेल्या शतकातला, असे लोक बेधडक सांगतात. टिळक 1920 साली वारले, तोवर त्यांच्या डोक्यावर पगडीच होती. त्यांच्यापुढे बसणारी तरुण पोरे मात्र केव्हाच टोपी घालू लागली होती. माणूस तरुणपणी जो वेष धरतो तो सहसा सोडीत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांवरून साल काढू नये, सर्वांत तरुण माणसाकडे पाहावे. अंधेरी-मरोळकडच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाचे फोटो पाहावेत: नवरी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळीदार ओढणी, आणि कडेला आजी आपल्या लुगड्यात. आजीवरून तारीख काढणारा चाळीस वर्षांनी चुकेल.

बायकांच्या नऊवारीचेही तेच. ती आजीच्याही अंगावर असते आणि नातीच्याही. तेथे पोलक्याकडे पाहावे. पुढे गाठ मारलेली चोळी जुनी; फुग्याच्या बाह्यांचे, झालरीचे पोलके त्यानंतरचे; आणि शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी गोल पातळात दिसली, तर बहुधा आपण 1930 च्या आसपास किंवा पुढे आलो. रंगाचा अंदाज तर करूच नये. जुन्या फोटोच्या काचांना तांबडा रंग पकडता येत नसे, तो काळा उमटे आणि निळा पांढुरका होई. कपाळावरचे ठसठशीत कुंकू फोटोत काळे दिसते ते ह्यामुळे. शिवाय स्टुडिओवाले कोट, घड्याळ, जाडजूड पुस्तक हौसेने उसने देत. तेव्हा आजोबांच्या हातातल्या पुस्तकावरून त्यांची विद्वत्ता ठरवू नये हे बरे.

आता मुलुंडचा फोटो. आजींचे लुगडे काही सांगेना. आजोबांच्या डोक्यावर मात्र पांढरी, घडीची गांधी टोपी होती. ही टोपी असहकाराच्या चळवळीबरोबर घरोघर गेली. परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली ती 31 जुलै 1921 ला. ह्या टोपीचा फोटो 1912 चा असणे शक्य नाही. टोपीने एवढेच सांगितले. लग्नानंतर नऊ-दहा वर्षांनी जोडप्याने फोटो काढून घेतला असेल, म्हणून आम्ही विषय सोडूनही दिला असता. पण फोटोतल्या आजी जेमतेम सोळा वर्षांच्या दिसत होत्या, म्हणून वही पुन्हा उघडली. वधूचे नाव निराळेच होते. ते सासूबाईंचे माहेरचे नाव असेल, असे आजवर सर्वांनी धरले होते.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे अविधवा नवमीला सवाष्ण जेवते. सासूबाई करीत म्हणून मी करते. पण सासूबाई तर मामंजींच्या मागे पुष्कळ वर्षे होत्या."

अविधवा नवमी, म्हणजे भाद्रपद वद्य नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी असते. काकूंना तेव्हा आठवले, इन्फ्लुएंझाच्या साथीत घरातले एक माणूस गेले, असे सासूबाई कधीतरी बोलल्या होत्या. ती साथ 1918 ची. पहिली बायको गेली, तिचा फोटो कोणी काढलाच नव्हता; दुसरीने मात्र तिचे पान जन्मभर वाढले, आणि सुनेलाही वाढायला शिकवले.

काकूंनी फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने सासूबाईंचे नाव लिहिले, पुढे "1921 नंतर" असे लिहिले. आहेराची वही आता ट्रंकेत नाही, देवघराच्या फळीवर असते. गेल्या भाद्रपदात सवाष्ण जेवायला बसली, तेव्हा ती कोणाच्या नावाने बसली आहे हे काकूंनी वहीतले नाव घेऊन तिला सांगितले.