विजेचा दर आणि घराचा पत्ता

एसटीचं तिकीट अंतरावर ठरतं. पोस्टकार्डाचं तसं नाही. शेजारच्या गल्लीत पाठवा की गडचिरोलीला, किंमत एकच. विजेच्या दरानं यांपैकी कोणाची वाट धरावी, हा प्रश्न आपल्याकडे निदान १९४८ पासूनचा आहे.

त्या वर्षीच्या वीजपुरवठा कायद्यातून राज्य वीज मंडळं आली. कायद्याच्या ४९व्या कलमाचा कल समान दराकडे होता. मागे राहिलेल्या भागांत वीज पोहोचावी, स्वस्त व्हावी, हा त्यामागचा हेतू. मात्र प्रदेशाचं भौगोलिक स्थान पाहून वेगळा दर लावायची मुभाही त्याच कलमात होती. तार जितकी लांब, तितकी वीज वाटेत उष्णता होऊन वाया जाते. टोकाच्या वस्तीला वीज देणं महागच पडतं. हीच मुभा २००३च्या वीज कायद्याच्या ६२व्या कलमातही आहे.

मुंबईकरांना हा फरक जुनाच. बेस्टचा दर वेगळा, माहीमच्या खाडीपलीकडचा वेगळा. उर्वरित महाराष्ट्रात दर साधारण सारखा राहिला, पण टंचाईच्या काळात पत्त्याला दुसऱ्या वाटेनं किंमत आली. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. वीजगळती आणि बिलवसुली पाहून विभागांचे गट पडले. गळती जास्त, तिथं भारनियमन जास्त. दर तोच, तास कमी! वेळेवर बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्यानं टाकलेल्या आकड्याची शिक्षा भोगावी लागली.

२००६ मध्ये पुण्यानं वेगळा तोडगा काढला. कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च पुणेकरांकडून अधिभार म्हणून घ्यायचा. आयोगाच्या मंजुरीनं हे झालं. कमी वापराच्या घरांना अधिभारातून वगळलं. पुण्यातला अंधार हटला. पण ज्या गावाला असा अधिभार परवडणार नव्हता, त्यानं काय करायचं, याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं.

आता छपरांवर सौर पॅनेल आल्यानं हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारता येईल. तारेच्या टोकाशी तयार होऊन तिथंच वापरलेलं युनिट वाटेतली गळती वाचवतं. मग त्याला अधिक मोल का नको? टोकाचं गाव आजवर खर्चाच्या बाजूलाच मांडलं गेलं. पत्त्यावरून हिशेब करायचाच असेल, तर तो दोन्ही बाजूंनी व्हावा.