सातबाऱ्यावर नसलेली वाडी

पेण-रोह्यातल्या कातकऱ्यांवर संशोधन करायचंय? दिवाळीनंतर जाल तर वाडी बरीचशी रिकामी दिसेल. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८च्या वन कायद्याने जंगलावरचा सरकारी ताबा घट्ट झाला आणि तो धंदा सुटत गेला. कित्येक वाड्या दुसऱ्यांच्या मालकीच्या जागेत, म्हणजे सातबाऱ्यावर नाव जमीनमालकाचं. मीही आधी नुसते कागदच शोधत बसले (विज्ञानवाल्यांची खोड!). वनहक्क कायदा, २००६ मध्ये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पण २००८च्या नियमांनुसार घर, विहीर, दफनभूमी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हाही पुरावाच. खासगी जागेतल्या वाडीला मात्र हा कायदा लागूच होत नाही.