आवाक्यातला कॅमेरा आणि उघड्यावरचे दगड

गेली काही वर्षे मी गावोगावचे वीरगळ आणि शिलालेख पाहत, टिपत फिरतो आहे. हे काम करणारा मी एकटा नाही. आज महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात शिक्षक, बँक कर्मचारी, महाविद्यालयीन मुले सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून असल्या दगडांच्या मागे निघालेली दिसतात. यांपैकी बहुतेकांनी पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. मग ही मंडळी आली कुठून, आणि याच काळात का आली? या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या पिशवीत असते, असे माझे मत आहे. ते उत्तर म्हणजे साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आलेला डीएसएलआर कॅमेरा. त्याचा इतिहास यंत्राचा आहे तसाच नोंद करण्याच्या अधिकाराचाही आहे. हा अधिकार कोणाकडे होता आणि तो कोणाकडे आला, हे इथे पाहायचे आहे.

आपल्याकडे कॅमेरा आणि पुरातत्त्व यांची गाठ फार लवकर पडली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. शिलालेखांचे वाचन करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते आणि सोसायटीच्या कामात त्यांचा सहभाग होता. म्हणजे लेख वाचणारा आणि फोटो काढणारा एकाच घरात नांदत होते! १८५५ मध्येच बॉम्बे आर्टिलरीतले कॅप्टन बिग्ज यांची प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक झाली आणि त्यांनी विजापूर, ऐहोळे, बदामी या भागांत काम केले. अजिंठ्याची चित्रे नकलून काढण्यासाठी १८४४ साली नेमलेले मेजर रॉबर्ट गिल हेही पुढे कॅमेऱ्याकडे वळले. गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. एकच प्रत असणे म्हणजे काय, याचा हा धडा आहे. त्याच्याकडे पुढे पुन्हा वळेन.

या सगळ्या कामामागे सरकार, पलटण किंवा धनवंत संस्था होती. सामान बैलगाडीतून न्यावे लागे, रसायने सोबत ठेवावी लागत. कोणता दगड नोंदवण्याच्या लायकीचा आहे हे ज्याच्या हाती गाडी होती तो ठरवी. साहजिकच लेणी, घुमट, मोठी देवळे यांना मान मिळाला. गावकुसाबाहेर आडवा पडलेला, कडेने झिजलेला वीरगळ त्या नजरेत क्वचितच बसला.

अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८८ साली रोल फिल्मचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला आणला आणि १९०० साली ब्राउनी अवघ्या एका डॉलरला. तिथून छायाचित्रण घराघरांत शिरले. आपल्याकडे हे काम खूप नंतर, देशात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ सारख्या कॅमेऱ्यांनी केले. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो येत. लग्न, मुंज, सहल यांना तेवढे पुरत. पण अशा कॅमेऱ्यात भिंगातून जे उमटणार ते आधी दिसत नाही. दिसते ते शेजारच्या वेगळ्या खिडकीतून. दोन हातांवरचे अक्षर टिपताना हा फरक नडतो.

एसएलआर कॅमेऱ्याने नेमकी ही अडचण सोडवली. भिंगामागे ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वर वळवतो, वरचे पंचकोनी लोलक प्रतिमा सुलटी करून डोळ्यापर्यंत पोचवते, आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जाऊन प्रकाश फिल्मवर पडतो. ड्रेस्डेनमध्ये तयार झालेला १९३६ चा किने एक्झाक्टा, लोलक असलेला १९४९ चा कॉन्टॅक्स एस आणि १९५९ चा निकॉन एफ हे या प्रवासातले महत्त्वाचे टप्पे. तरी भारतात एसएलआर हा व्यावसायिकाचा किंवा परदेशातल्या नातलगाने आणलेला ऐवज राहिला. कॅमेरा मिळाला तरी खरा खर्च पुढेच असे. रोल विकत घ्या, धुवा, छापा. छत्तीस फोटोंत पाच गावे बसवायची तर एका दगडाच्या वाट्याला दोन फोटो येत. तिरप्या उजेडात एक, सरळ उजेडात एक, लेखाच्या प्रत्येक ओळीचा वेगळा, ही चैन परवडत नसे. शिकायला चुका कराव्या लागतात, आणि फिल्मच्या काळात प्रत्येक चुकीला पैसे पडत.

डिजिटल कॅमेऱ्याची कथा १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी मांडलेल्या सीसीडीच्या कल्पनेपासून सुरू होते. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने ०.०१ मेगापिक्सेलचा पहिला हातात धरता येणारा नमुना बनवला. एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ-३ च्या शरीरात १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून डीसीएस विकायला काढला. त्याची साठवण करणारी पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची. आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. १९९९ चा निकॉन डी-१ हा २.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा सुमारे पाच हजार डॉलरला मिळू लागला. तोही वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसाठीच होता.

वळण आले ते ऑगस्ट २००३ मध्ये. कॅननने ईओएस ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा भिंगाशिवाय ८९९ डॉलरला आणि १८-५५ भिंगासह ९९९ डॉलरला जाहीर केला. हजार डॉलरची पायरी प्रथमच उतरली. हे कसे साधले ते पाहण्यासारखे आहे. सेन्सर तोच होता, जो त्याच वर्षीच्या महागड्या १०डी मध्ये होता. काटकसर बाकी ठिकाणी केली. धातूऐवजी प्लॅस्टिकचे कवच आले. काचेच्या भरीव लोलकाऐवजी आरशांची पोकळ जोडणी आली, त्यामुळे खिडकी थोडी लहान आणि अंधुक झाली. काही सोयी सॉफ्टवेअरनेच बंद ठेवल्या. २००४ मध्ये निकॉनचा डी-७० आला. २००६ च्या डी-४० मध्ये निकॉनने कॅमेऱ्यातली फोकसची मोटारच काढून टाकली. परिणामी तो हलका आणि स्वस्त झाला, पण ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटार नाही त्यांचा फोकस हाताने करावा लागू लागला.

स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास म्हणजे काय काय वगळले याचा इतिहास, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कॅमेरा निवडण्याचे सूत्रही इथेच हाती येते. वगळलेल्या गोष्टींपैकी माझ्या कामाला कोणती लागते? पक्षी टिपणाऱ्याला वेगवान फोकस लागतो, लग्नात काम करणाऱ्याला सेकंदाला जास्त फोटो लागतात. दगड जागचा हलत नाही. त्यामुळे वीरगळ टिपणाऱ्याला सर्वांत स्वस्त डीएसएलआरमध्येही जे हवे ते सगळे मिळते: मोठा सेन्सर, बदलता येणारे भिंग, हाताने ठरवता येणारा प्रकाश आणि रॉ फाइल.

मेगापिक्सेलच्या आकड्याने अनेक जण फसतात. सहा मेगापिक्सेल म्हणजे साधारण ३००० गुणिले २००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्यातून १० बाय ६.७ इंचांची स्वच्छ छपाई निघते. संशोधनपत्रिकेच्या पानाला ते पुरते. अधिक महत्त्वाचे आहे सेन्सरचे आकारमान. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो. त्या काळच्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ पंधरापट भरते. गाभाऱ्याच्या अंधारात हाच फरक दिसतो.

आज हे कॅमेरे बहुतांशी जुन्या बाजारातच मिळतात. कंपन्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. २०२० मध्ये मिररलेसची जागतिक रवानगी डीएसएलआरपेक्षा जास्त झाली आणि २०१८ चा डी-३५०० हा निकॉनच्या त्या स्वस्त मालिकेतला शेवटचा ठरला. नव्याच्या मागे लागलेल्यांनी विकलेला जुना कॅमेरा विद्यार्थ्याला फार थोडक्यात मिळतो. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, शटर किती वेळा उघडले आहे. स्वस्त मॉडेलचे शटर साधारणपणे पन्नास हजार ते एक लाखापर्यंतच्या वापराचे धरतात. दोन, एफ-१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासावेत. तीन, भिंगातून बॅटरीचा उजेड पाडून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या भिंगांबाबत तर हे हवेच. चार, बॅटरी आणि कार्ड आजही मिळते ना, याची खात्री करावी. ३००डी ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, डी-४० ला साधे एसडी. पैसे उरलेच तर कॅमेऱ्याचे वरचे मॉडेल घेण्याऐवजी तिपाई आणि ५० मिलिमीटरचे एफ-१.८ भिंग घ्यावे. १८-५५ भिंग १८ वर असताना सरळ कडा फुगीर दिसतात. ५० च्या भिंगात शिळेची चौकट चौकटच राहते.

वापराचे म्हणाल तर उजेडाइतके महत्त्वाचे काही नाही. झिजलेले अक्षर समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाही, ढगाळ हवेतही सपाट होते. ऊन दगडाच्या पृष्ठाला जवळजवळ घासून जाते, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ उठून येते. दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर ही वेळ ठरते, म्हणून आधी एकदा नुसते जाऊन पाहून यावे. ऊन मिळत नसेल तर फ्लॅश किंवा विजेरी बाजूला, खाली धरून चारही दिशांनी चार फोटो घ्यावेत. कॅमेरा तिपाईवर, भिंग दगडाला समांतर, आयएसओ १०० किंवा २००, अ‍ॅपर्चर एफ-८, दोन सेकंदांचा टायमर. मंद शटरला आरसा उचलल्याचा धक्काही फोटो हलवतो, म्हणून आरसा आधी उचलून धरण्याची सोय असल्यास ती वापरावी. शेजारी मोजपट्टी ठेवावी. आणि अक्षरांत खडूची पूड, तेल, पीठ काहीही भरू नये. त्याने आज ओळ वाचता येईल, पण दगडाचे नुकसान कायमचे होईल. शिवाय पूड आपल्या समजुतीप्रमाणे भरली जाते, त्यामुळे वाचन आधीच ठरून जाते.

इथे कोणी विचारील, हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? जागा नोंदवायला आणि पहिली चाहूल टिपायला मोबाइलच उत्तम. त्यात स्थानाची नोंदही आपोआप होते. पण मोबाइल आपल्याला जे चित्र दाखवतो ते त्याच्या सॉफ्टवेअरने गुळगुळीत केलेले आणि कडा धारदार केलेले असते. चेहऱ्याला ते शोभते. झिजलेल्या अक्षरात मात्र कुठे खाच आहे आणि कुठे नुसता खवला उडाला आहे, यावर एखाद्या राजाचे नाव ठरते. तिथे यंत्राने केलेली सारवासारव महागात पडते. रॉ फाइलमध्ये सेन्सरने पाहिलेले बरेचसे जसेच्या तसे उरते आणि पुढचा अभ्यासक ते पुन्हा तपासू शकतो.

हे पुन्हा तपासता येणे मला सर्वांत मोलाचे वाटते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई किंवा गोधनाच्या रक्षणातला मृत्यू, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरलेली आहे. आरमाराच्या अभ्यासकाला नौकेची वल्ही मोजायची असतात, पोशाखाच्या अभ्यासकाला वीराची कंबर पाहायची असते. जागेवर जाणाऱ्याला हे सगळे प्रश्न त्या दिवशी सुचलेले नसतात. चांगला फोटो पुढच्या माणसाच्या प्रश्नालाही उत्तर देतो.

आणि दगड थांबून राहत नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार होतो आणि अंगणातला वीरगळ पायरी होतो. श्रद्धेने कोणी त्याला दरवर्षी शेंदूर चढवतो, कोणी चकचकीत ऑइलपेंट देतो. एका गावी एक आजी मला म्हणाल्या, “देवाला उघडं कसं ठेवायचं, बाबा?” त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला माझ्याकडे कॅमेऱ्याशिवाय दुसरे उत्तर नव्हते. रंगाच्या आधीचा एक नीट फोटो असणे एवढेच अशा वेळी आपल्या हाती असते.

पण फोटो काढून काम संपत नाही. गिल यांची चित्रे आगीत गेली, आपले फोटो बंद पडलेल्या हार्डडिस्कमध्ये जातील. पूर्वी शाईने घेतलेले कागदी ठसे दीडशे वर्षांनंतरही उलगडून पाहता येतात. कार्डावरच्या फाइलला तसे आयुष्य आपोआप मिळत नाही. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि प्रत्येक फोटोसोबत गाव, तालुका, तारीख, दगडाच्या तोंडाची दिशा आणि मोजमाप, एवढी शिस्त पाळली तरच ही नोंद नोंद ठरते. समाजमाध्यमांवर आज असंख्य वीरगळ दिसतात, पण त्यांचे गाव लिहिलेले नसते. गावाचे नाव हरवलेला वीरगळ अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास हरवलेलाच असतो.

हजार डॉलरच्या आतला तो प्लॅस्टिकचा कॅमेरा येऊन दोन दशके उलटली. त्याची निर्मिती आता जवळपास थांबली असली, तरी त्याने नोंदीचे काम सरकारी गाडीतून उतरवून तालुक्याच्या एसटीत बसवले, हे मोल उरतेच. कपाटात असा एखादा कॅमेरा पडून असेल तर त्याची बॅटरी चार्ज करून पाहावी. आपल्या गावच्या वेशीवर एखादा दगड असेलच. येत्या चैत्रात त्याला रंग लागण्याआधी तिथे सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा जाऊन यावे.