घरच्या दप्तरांतील कांहीं पत्रें

आमच्या घराण्यांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. होळकरांच्या दंग्यानंतर मोठा दुष्काळ पडला, त्या वेळीं आमच्या एका पूर्वजानें परसांतील पेंव फोडून सगळ्या गांवाला जगविलें, असा तिचा आशय. दसऱ्याला सोनें लुटून मंडळी परत आली, कीं घरांतील वडील माणूस ही गोष्ट मुलांना सांगे. आम्हीं ती आजोबांच्या तोंडून ऐकली व पुढें आमच्या मुलांना सांगितली. इतिहास शिकविणें हा ज्याचा धंदा, त्यानें तरी या कथेस आधार काय, असें विचारावयास हवें होतें. परंतु स्वतःच्या घरची गोष्ट निघाली, कीं इतिहासाचा अध्यापकहि केवळ नातू होऊन बसतो.

भीमेच्या खोऱ्यांतील आमचें जुनें घर मोडकळीस आलें, तेव्हां माळ्यावरील लाकडी पेटींतून कागदांचे दोन रुमाल निघाले. एकांत वसुलाच्या पावत्या, कर्जरोखे व असलेच व्यवहाराचे कागद होते. दुसऱ्यांत साठाच्या आसपास पत्रें होतीं. कागद जुन्नरी असावा. शाई दोनशें वर्षांनंतरहि काळीभोर होती, आणि कांहीं पत्रांच्या घड्यांतून, शाई टिपण्यासाठीं टाकलेल्या वाळूचे चार कण आमच्या हातावर पडले. आजोबा मोडी सहज वाचीत; वडिलांना तींत सहीपुरती गति होती; आम्हांला ती मुंग्यांची रांग वाटे. तीन पिढ्यांत एक लिपि घरांतून कशी नाहींशी होते, याचें उदाहरण शोधावयास आम्हांला दूर जावें लागलें नाहीं. पन्नाशी उलटल्यावर आम्ही मोडीच्या वर्गांत जाऊन बसलों. आधीं कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत रेघ ओढावयाची व मग तिला अक्षरें लोंबकळत ठेवावयाचीं, ही या लेखनाची रीत. त्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, विरामचिन्ह नाहीं, शब्द कोठें संपला हेंहि वाचणाऱ्यानेंच ताडावयाचें. वर्षभर खपल्यावर पहिलें पत्र सलग वाचतां आलें, तेव्हां झालेला आनंद आम्ही लपवीत नाहीं.

पत्रें मुख्यतः दोघां भावांचीं आहेत. थोरला गांवीं राहून कुलकर्णपण सांभाळी. धाकटा पुण्यास एका सरदाराकडे कारकून होता. हा पुण्याकडील भाऊ, किंवा मागाहून त्याचीं मुलें, सर्व कागद घेऊन गांवीं परतलीं असलीं पाहिजेत. नाहींतर प्रश्न आणि उत्तर अशीं दोन्हीं पत्रें एकाच रुमालांत मिळालीं नसतीं.

जुन्या घरगुती पत्रांचा मोठा त्रास हा, कीं त्यांवर तिथि असते पण वर्ष नसतें. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच होतें; आपल्यामागून कोणी तिसरा वाचील, हें त्यांच्या गांवींहि नव्हतें. अशा वेळीं आनुषंगिक खुणा शोधाव्या लागतात. एका पत्रांत अधिक महिन्याचा उल्लेख आला, तर पंचांग काढून किती वर्षें बाद होतात तें पाहावें. दुसऱ्यांत कोणा सरदाराची फौज नदी उतरल्याचें असलें, तर तिची तारीख छापील साधनांतून मिळवावी. आमच्या बाबतींत पहिला रुमाल उपयोगी पडला. व्यवहाराच्या कागदांवर शुहूर सन घातलेला असतो. त्यांतील बऱ्याच कागदांवर ‘अर्बा मयातैन व अलफ’ असें होतें. म्हणजे शुहूर सन 1204. त्यांत 599 मिळविले, कीं इसवी सन 1803 च्या मृगापासून 1804 च्या मृगापर्यंतचें साल येतें. म्हणजे गोष्टींतील दुष्काळाचेंच तें साल होतें.

त्या सालाकडे वळण्यापूर्वीं इतर पत्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. प्रत्येक पत्राच्या आरंभीं येथील कुशल जाणून स्वकुशल लिहीत जावें, ही विनंति असतेच; मग पुढच्याच ओळींत बैल मेला असो, वा तापानें मूल गेलें असो. वाचकांस यांत कोरडेपणा वाटेल. आम्हांला प्रथम तसाच वाटला. पण पत्रामागून पत्र वाचतांना ध्यानांत आलें, कीं हें कुशल म्हणजे बातमी नव्हेच. दारांत आल्यावर पायांवर पाणी घ्यावें, तसा तो शिष्टाचार आहे. खरा मजकूर त्यानंतर सुरू होतो, आणि तो बहुधा मागणीचा असतो. गांवाकडून तूप, गूळ, हरभरे यांची रवानगी. पुण्याहून पंचांग, केशर, कोणाच्या डोळ्यांसाठीं अंजन, कोणाच्या लग्नासाठीं लुगडीं. पत्र नेणारा गडी येतांना काय घेऊन आला व वाटेंत काय सांडून आला, याची तक्रार निदान आठ पत्रांत आहे. बायकांचीं नांवें मात्र जवळजवळ नाहींत. ‘घरांतून’ एवढ्या एका शब्दांत सगळ्या बसविल्या आहेत.

हिंदुस्थानांतील खेडें म्हणजे एक स्वयंपूर्ण चिमुकलें प्रजासत्ताक राज्य होय, असें मेटकाफनें 1830 मध्यें लिहिलें. राज्यें आलीं आणि गेलीं, खेडें मात्र जसेंच्या तसें राहिलें, हें त्याचें मत आम्ही महाविद्यालयांत पाठ केलें होतें आणि पुढें मुलांकडूनहि पाठ करून घेतलें. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथानें या चित्रांतील पुष्कळ रंग खरवडून काढला आहे. पण ग्रंथ वाचणें निराळें आणि आपल्या खापरपणजोबांचें हस्ताक्षर वाचणें निराळें. या पत्रांतील गांव मीठासाठीं लमाणांच्या तांड्याची वाट पाहतें, सारा भरण्यासाठीं सावकाराकडे धांवतें, आणि पुण्यास काय शिजतें आहे हें कळावें म्हणून धाकट्या भावाच्या पत्राकडे डोळे लावून बसतें. राज्यें बदललीं, तेव्हां या गांवाचें काय झालें, हेंच तर त्या सालच्या पत्रांत आहे.

25 ऑक्टोबर 1802 रोजीं यशवंतराव होळकरांनीं हडपसराजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव पुण्यांतून निघाला, तो वसईस जाऊन इंग्रजांच्या पदरांत पडला. 31 डिसेंबर 1802 रोजीं तेथें तह झाला. पुढें 1803 च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेच्या बळावर तो पुन्हां गादीवर बसला. शाळेच्या पुस्तकांत येथें प्रकरण संपतें. पण मधल्या महिन्यांत होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या स्वारांनीं मुलूख धुऊन नेला होता. उभीं पिकें घोड्यांच्या पोटांत गेलीं होतीं. आणि त्याच सालीं पाऊसहि फिरला. पुणें व नगर प्रांतांत माणसें अन्नान्न करून मेलीं.

थोरल्या भावाचीं या सालचीं सात पत्रें आहेत. पहिल्यांत तो पेंव काढल्याचें लिहितो. पेंव उघडल्यावर आंतील वाफ निघून जाईपर्यंत कोणास उतरूं दिलें नाहीं, हेंहि लिहितो. आम्हांला एवढ्या वाक्यानें तो माणूस एकदम जवळचा वाटला. तेव्हां पेंव फोडल्याची गोष्ट खरी. पण धान्य वांटलें नाहीं, दिढीनें दिलें. मण घ्यावा आणि पुढील पिकावर दीड मण फेडावा, असा तो करार. आणि पहिल्या रुमालांतील रोखे ते याच व्यवहाराचे. धाकटा पुण्याहून लिहितो, कीं येथें भाव रोज चढतो आहे, घाई करूं नये. थोरल्यानें उलट लिहिलें, कीं आणखी थांबलों तर घेणारेंच उरणार नाहींत. निम्मीं घरें ओस पडलीं असून माणसें कोंकणाकडे उतरत आहेत. हें दयेनें लिहिलें कीं हिशेबानें, याचा निर्णय आम्हांला करतां आलेला नाहीं. दोन्ही एका माणसाच्या मनांत एकाच वेळीं असूं शकतात, असें आम्हांला वाटतें.

दुष्काळ सरल्यावर सरकारानें गांवें पुन्हां वसविण्यासाठीं इस्ताव्याचे कौल दिले. पडीत जमीन करणाऱ्यास पहिल्या वर्षीं हलका सारा, मग सालोसाल वाढता. परागंदा झालेल्या मिरासदारांच्या शेतांना गतकुळी जमीन म्हणत. तसलीं तीन शेतें या कौलांवर आमच्या घराकडे आलीं. त्यांतील एकाच्या बांधावरील आंब्याखालीं आमचें लहानपण गेलें. तो मळा वडिलोपार्जित म्हणून आम्ही मिरवीत आलों. तो कोणाच्या वडिलांनीं उपार्जिला होता, हें रोख्यावरील नांगराच्या निशाणीनें आम्हांला सांगितलें.

सहावें पत्र अधिक अवघड आहे. घरांत दळणकांडणास माणूस नाहीं, म्हणून एक पोर घेतली, असें त्यांत आहे. वय सहासात वर्षांचें, अंगानें रोड पण चलाख; आईबापांस दोन मण जोंधळे दिले व रीतसर कागद करून घेतला. पेशवाईंत घरोघर कुणबिणी असत, त्यांची खरेदीविक्री होई, सरकारी दप्तरांत त्यांच्या नोंदी आहेत. 1843 च्या कायद्यानें सरकारी न्यायालयांत गुलामगिरीला मान्यता उरली नाहीं. हें सारें आम्ही वर्गांत अनेकवार सांगितलें आहे. तें सांगतांना आमचा आवाज कधीं अडखळला नव्हता. ज्या घराच्या ओसरीवर आम्ही मुळाक्षरें गिरविलीं, त्याच घरच्या जात्यावर ही पोर बसली होती.

रुमालांत तिचा आणखी दोनदां उल्लेख आहे. एके ठिकाणीं दिवाळीस तिला लुगडें घेतल्याचा खर्च. दुसरा पुष्कळ वर्षांनंतरचा, थोरल्याच्या मुलाच्या हातचा. ती वारली, दहनास लांकडें घरचींच दिलीं, आणि आईस फार लागलें, एवढेंच त्यानें चुलत्यास कळविलें आहे. नांव तेथेंहि नाहीं. ‘आपली पोर’ असें लिहिलें आहे. वास्तविक त्या वेळीं ती चाळिशीच्या घरांत असली पाहिजे.

दप्तर संशोधकांच्या स्वाधीन करावें, असा विचार आम्हीं भाऊबंदांपुढें मांडला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें 1910 पासून अशीं किती घरचीं दप्तरें जतन करून ठेविलीं आहेत, हें सांगितलें. कोणी नाहीं म्हटलें नाहीं. पण वयानें आम्हांपेक्षां वडील अशा एका चुलतभावांनीं रात्रीं बाजूला बोलावून हळूच सुचविलें, कीं तेवढें सहावें पत्र काढून घ्यावें; मुलाबाळांच्या लग्नाचे दिवस आहेत, आणि एका कागदानें इतिहासाचें काय अडणार आहे? त्यांचा हेतु वाईट नव्हता. आम्हीं त्यांना विचारलें, कीं वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून पत्रें गोळा करीत, तेव्हां प्रत्येक घरानें असा एकेक कागद काढून घेतला असता, तर आज आपण काय वाचीत बसलों असतों? ते म्हणाले, काढून घेतले नसतील कशावरून? या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. छापील साधनांचे खंड वाचतांना तो हल्लीं आम्हांला वारंवार आठवतो.

सगळीं पत्रें जशीं होतीं तशीं, सहाव्यासह, देण्याचें ठरलें. चुलतभावांनीं स्वतः रुमालाची गांठ बांधली. देण्यापूर्वीं आम्हीं त्या पत्राची नक्कल करून घेतली व भिंग लावून पुन्हां एकदां तें वाचलें. आईबाप अमुक गांवचे, असें त्यांत लिहिलेलें आहे; परंतु गांवाचें नांव उजव्या कडेला येतें, आणि ती कड कसरीनें खाल्ली आहे. शेवटचें अक्षर ‘डी’ असावें. भीमेच्या खोऱ्यांत ‘डी’नें संपणारीं गांवें किती आहेत, याची यादी आम्ही सध्यां करीत आहों.