तापमानवाढ : महाराष्ट्रातील विभागवार धोके आणि आपली तयारी

औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो कोसळतो. मात्र याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. पत्र्याच्या घरात राहणारे, उघड्यावर राबणारे मजूर, सफाई कामगार आणि भूमिहीन कुटुंबे यांना तो आधी बसतो. म्हणून आम्ही येथे विभागवार धोके आणि उपाय मांडत आहोत.

विदर्भ : उष्णता

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, तर हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. नागपूर, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांपुढेही जातो. पत्र्याला पांढरा चुना लावल्यास घर कमी तापते. रोजगार हमी व बांधकामाची कामे सकाळी लवकर सुरू करून दुपारी बंद ठेवावीत. एप्रिल-मेमधील जयंतीच्या मिरवणुका आणि सभा संध्याकाळी घ्याव्यात. पाणी, सावली व जलसंजीवनीची सोय आधीच करावी. अंग तापून बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंग ओले करून वारा घालत रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे.

मराठवाडा : दुष्काळ

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस कमी आणि उसाला पाणी भरपूर, हे गणित टिकणारे नाही. ज्वारी, तूर, सोयाबीनची आंतरपिके, रुंद वरंबा-सरी पद्धत व बांधबंदिस्ती यांमुळे पावसाचा खंड पिकाला सोसवतो. भूजल सर्वांचे आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे.

कोकण व सह्याद्री : अतिवृष्टी, दरडी, वादळे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) ही गावे दरडींखाली गेली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. डोंगराला भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही दरडीची लक्षणे आहेत. ती दिसताच वस्ती हलवावी, पंचनाम्याची वाट पाहू नये. किनाऱ्यावर कांदळवने राखावीत.

आपण काय करावे?

प्रत्येक वस्तीत तरुणांनी एकटे वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांची यादी ठेवावी आणि हवामान विभागाचा इशारा त्यांच्या घरापर्यंत पोहोचवावा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाणी, सावली आणि सुरक्षित निवाऱ्याची मागणी लेखी नोंदवावी. निवारा व टँकर आपल्या वस्तीपर्यंत येतो का, हे आपत्ती येण्याआधीच तपासावे. ही मदत म्हणजे उपकार नव्हे, तो आपला हक्क आहे.