रमाबाईंचा विसावा

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याकडे दोन तऱ्हांनी घेतलं जातं. एक रमाबाई संस्कृतच्या विदुषी. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या. दुसऱ्या रमाबाई धर्म बदललेल्या. या दुसऱ्या रमाबाईंविषयी आपण बोलतो ते बहुधा वादाच्या सुरात. त्या ख्रिस्ती का झाल्या, यावर शंभराहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. ख्रिस्ती होऊन त्यांना मिळालं काय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर त्यांनी त्याचं उत्तर स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९०७ साली त्यांनी आपली ‘साक्ष’ इंग्रजीत प्रसिद्ध केली. ते छोटेखानी आत्मकथन मी अनेकदा वाचलं. ते जितकं धर्माविषयी आहे तितकंच काळजीविषयी आहे, असं मला दर वेळी वाटतं. उद्या खायचं काय, मेल्यावर गती कोणती, आणि या दोन्हींसाठी आपण केलं ते पुरेसं आहे का, ही ती काळजी.

ती आली कुठून हे पाहायचं तर त्यांच्या लहानपणाकडे जावं लागतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंचा जन्म १८५८चा, गंगामूळच्या रानातला. पुढे हे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक देतील त्या दक्षिणेवर जगायचं, आणि शिल्लक उरेल ती दानधर्मात घालायची. व्रतं, उपास, स्नानं, प्रदक्षिणा यांत खंड नाही. पुण्य साठतंय याची खात्री होती, पण ते पुरेसं साठलं का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने विकले, चांदीची भांडी विकली, शेवटी तांब्या-पितळेचीही गेली. ऐकायला माणसं नाहीत तिथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? दुसरं काम या कुटुंबाला येत नव्हतं, आणि भीक मागायची लाज वाटत होती. तिरुपतीनंतर ते एका जंगलात शिरले. तिथे अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढले, असं रमाबाईंनी लिहिलं आहे. १८७४ साली आधी वडील गेले, थोड्याच काळात आई, आणि काही महिन्यांनी थोरली बहीण. आई शेवटच्या दुखण्यात असताना बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायला सोळा वर्षांच्या रमाबाई शेजारच्या एका बाईंकडे गेल्या होत्या. तो प्रसंग त्यांनी तेहतीस वर्षांनी लिहिला, तरी शब्दांतली लाज गेलेली नाही.

पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यांत शिरायचं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची, असं करून त्यांनी रात्री काढल्या. १८७८मध्ये कलकत्ता, तिथला मानसन्मान. १८८०मध्ये भावाचा मृत्यू, मग बिपिन बिहारी मेधावींशी विवाह. १८८२मध्ये वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. त्यानंतर पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ साली इंग्लंड. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता विसावा मिळाला असेल, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांचे सिद्धान्तांवरून खटके उडत राहिले. कुणी सांगितलं म्हणून मान डोलवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बाप्तिस्मा झाला होता, विचार पटले होते, पण मन स्वस्थ नव्हतं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा निवाडा त्यांनी स्वतःच पुढे ‘साक्षी’त केला. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताना त्यांना आपलं दुखणं कळलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं पाद्रीपण करत होता, आणि एके दिवशी स्वतःचंच प्रवचन सांगता सांगता त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंनाही १८९१च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, उमगलं की आपण अजून कमावूच पाहतो आहोत. पूर्वी स्नानं आणि उपास करून पुण्य कमावत होतो, आता सेवा आणि सदाचार करून. कष्टी आणि ओझ्याने वाकलेल्यांना येशू विसावा द्यायला बोलावतो, तो विसावा मजुरी म्हणून द्यायचा नसून नुसताच द्यायचा आहे, हे त्यांनी मनोमन मान्य केलं. अंगावरचं ओझं उतरलं, असं त्या सांगतात. त्यांनी आयुष्यभर केलेली पायपीट माहीत असली की हे सांगणं नुसतं भाविक बोलणं वाटत नाही.

हा झाला मेल्यानंतरच्या काळजीचा भाग. उद्याच्या भाकरीची काळजी उरली होतीच, आणि आता ती एकट्या जिवाची नव्हती. मुंबईत १८८९ साली सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. त्याचा खर्च अमेरिकेतलं रमाबाई मंडळ करत असे, पण त्याची हमी दहाच वर्षांची. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वादळ उठलं. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं, असं माझं मत आहे. सदनात धर्म शिकवायचा नाही ही अट होती. रमाबाईंचं म्हणणं असं की अट शिकवण्यापुरती आहे, मी माझ्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करणार नाही. पालकांना भीती वाटली, तीही खोटी म्हणता येत नाही.

याच काळात त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र आलं. या माणसाने हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि आपली गरज माणसांपुढे न मांडता फक्त देवापुढे मांडायची हा नेम पाळला. हिंदुस्थानात असं होईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला.

कसोटी १८९६च्या अखेरीस आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या ऐकून पहिल्यांदा त्यांना गप्प बसावंसं वाटलं. आहेत त्याच मुलींचा खर्च कसाबसा निघत होता, नव्या मुली आणून घालायचं काय? हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि म्हणूनच पुढचं खरं वाटतं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं ते जंगल त्यांना आठवलं. त्या गेल्या. रस्त्याकडेला आणि मदत छावण्यांत उपाशी, काही वाईट माणसांच्या हाती सापडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि सुमारे तीनशे जणींना सोडवून आणलं. पुण्यात प्लेगची धास्ती. एवढ्या नव्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, उत्पन्नासाठी घेऊन ठेवलेल्या शेतात, राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली ‘मुक्ती’ सदन झालं ते तिथेच. पाठोपाठ गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, आणि १९००च्या सुमारास संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाईंचं चिंतामुक्त होणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. त्यांनी विहिरी खणल्या, फळझाडं लावली, माग बसवले, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, छापखाना, सगळं उभं केलं. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं. मदतही आपोआप आकाशातून पडली नाही. त्यांचे अहवाल आणि पत्रं परदेशी जात होती. १८९८ साली त्या स्वतः अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथे नवं मंडळ स्थापन झालं. श्रद्धेच्या गोष्टी सांगणारे हा भाग गाळतात, आणि श्रद्धा न मानणारे तेवढाच सांगतात. मला दोन्ही पटत नाही. दीड हजार तोंडं, आणि पुढच्या महिन्याची तरतूद नाही. हे कुणाही हिशेबी माणसाची झोप उडवणारं आहे. रमाबाई हिशेब चोख ठेवत, पण आकडा जमेपर्यंत दार बंद ठेवत नसत. पूर्वी कष्ट करून विसावा मिळवायचा होता, आता विसावा आधी होता आणि कष्ट त्यानंतरचे.

दुःखाने मात्र त्यांना सोडलं नाही. जिच्यावर संस्थेची भिस्त ठेवायची ती मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले. हाती एक काम होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. ती भाषा जागोजाग खडबडीत आहे, एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेची वाटत नाही. शैली त्यांनी बाजूला ठेवली होती. खिळे जुळवण्यापासून सगळं काम केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच मुली करत. मनोरमेनंतरही हे काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. उरलेली छपाई मुलींनी पुरी केली, आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.